सरांची एकच फाईल

आमच्या घरमालकांइतका संशयी माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा नसेल. आणि असलाच, तर त्याने अजून कोणाला स्वतःचं नाव सांगितलेलं नसणार. मूळचे तलमडुगूकडचे, घरची कापूस-ज्वारीची शेती, पॉलिटेक्निकमधून प्राध्यापक म्हणून निवृत्त. आम्ही त्यांना सर म्हणतो. खोली मागायला गेलो तेव्हा मी माझं पदवीचं प्रमाणपत्र सोबत नेलं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आई-वडील दुसऱ्यांच्या रानात राबले तेव्हा तो कागद मिळाला, त्यामुळे तो दाखवायची संधी मी सोडत नाही. सरांनी तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला, उलटून पाहिला, शिक्का नखाने खरवडला आणि म्हणाले, "खरं दिसून राह्यलं."

"दिसून काय राह्यलं सर, आहेच खरं."

"तेच तं. खोटेवालेबी असंच म्हणतात."

आतून काकूंचा आवाज आला, "लग्नात माह्या बापालेबी हेच म्हणाले होते. द्या त्याले किल्ली."

दूधवाल्यावर ते तेलुगूत संशय घेत, व्यापाऱ्यावर हिंदीत आणि घरच्यांवर मराठीत. पण या संशयाला एक शिस्त होती. वस्तू आणि तिची माहिती यांची ताटातूट झाली की माणूस फसतो, असा त्यांचा सिद्धान्त. औषधाच्या दुकानात गोळ्यांची पट्टी कापून घ्यायला त्यांचा ठाम नकार. "तारीख एका तुकड्यावर, गोळी दुसऱ्यावर. मंग मी काय खाऊन राह्यलो, ते कोन सांगन?" फाटकाच्या कडीला चिठ्ठी होती: 'आधी उचला, मग ओढा. उलट केल्यास बोट सापडते. सापडले आहे.' लोणच्याच्या बरणीवर 'लिंबू' एवढं लिहून त्यांचं भागत नसे. 'मीठ जास्त, कारण मागच्या खेपेस बुरशी' हेही असे. काकू म्हणायच्या, "एक दिवस माह्या कपाळावरबी चिठ्ठी लावतीन हे. 'बोलते फार, कारण नवरा असा.'"

माझं डीटीपीचं दुकान आहे. आमच्याकडच्या काही शाळांच्या प्रश्नपत्रिकांत एक ओळ तेलुगूची आणि तिच्याखाली तोच प्रश्न मराठीत, अशी छपाई लागते. नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे जुळवताना मी रडकुंडीला यायचो. सरांनी लॅटेकमध्ये त्यासाठी स्वतःचं पॅकेज लिहिलं होतं. लॅटेक म्हणजे छपाईचं एक सॉफ्टवेअर. त्यात मजकुरासोबत आज्ञा लिहायच्या, पानाची मांडणी ते स्वतः करून देतं. बाकी लोक कोड एका फाईलमध्ये ठेवतात आणि त्याची माहिती दुसरीत. सरांची फाईल एकच. टक्क्याचं चिन्ह लावून सुरू होणाऱ्या ओळींत स्पष्टीकरण, त्याच्या लगेच खाली तो कोड. ती फाईल एका पद्धतीने चालवली की वाचायची पुस्तिका निघे. दुसऱ्या पद्धतीने चालवली की टक्क्याच्या ओळी गळून नुसती कामाची फाईल हाती येई. "दोन फायली केल्या की दोघी दोन गोष्टी सांगतात," सर म्हणायचे. "साक्षीदार एकाच खोलीत बसवा."

पुस्तिका मात्र वाचावी अशी होती. दोन ओळींमधल्या अंतरापाशी लिहिलं होतं: 'तेलुगूचे वत्तू, म्हणजे जोडाक्षरांच्या शेपट्या, खाली लोंबतात, मराठीच्या मात्रा वर डोकावतात. दोघांची धडक झाली की पोराला प्रश्न वाचता येत नाही. म्हणून ही मोकळी जागा. कृपया कमी करू नये. कराल, हे मला ठाऊक आहे.'

आणि केलंच. निर्मलकडच्या एका शाळेतल्या संगणक शिक्षकांनी फाईल मागून नेली. टक्क्याच्या ओळी यंत्र वाचत नाही, मग हव्यात कशाला, म्हणून त्यांनी त्या झाडून काढल्या. उरलेल्या कोडमध्ये ती मोकळी जागा दिसली. ती का आहे हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. कागद वाचेल म्हणून त्यांनी तीही काढली. प्रश्नपत्रिका माझ्याकडे छपाईला आली तेव्हा तेलुगू अक्षरांच्या शेपट्या मराठीच्या डोक्यांत घुसल्या होत्या. मी ती सरांना दाखवली. मला वाटलं, संतापतील. त्यांचा चेहरा उजळला! "पाहा," म्हणाले, "मी लिहूनच ठेवलं होतं." आयुष्यभराचा संशय असा छापील रूपात खरा ठरलेला पाहायचं सुख फार थोड्यांना मिळतं. त्यानंतर मात्र त्यांनी फाईल कोणालाच देणं बंद केलं. कामाची प्रत मलासुद्धा ते दर परीक्षेला स्वतः येऊन दुकानात बसवून देत, आणि छपाई झाली की पुसून टाकत.

मग त्यांच्या मुलीने सर-काकूंना हैदराबादला कायमचं न्यायचं ठरवलं. सरांचे गुडघे गेले होते. सहामाही परीक्षा तोंडावर होती आणि ती फाईल हाती नसती तर माझं दुकान तेलुगू-मराठीचं एक पान काढू शकलं नसतं. मी सरळ मागितली. सर म्हणाले, "प्रश्नाचे पर्याय एका ओळीत चार येतात ना? दोन करून दाखवा. मंग पाहू."

त्यांच्याच संगणकावर बसून कोड मी तासाभरात बदलला. वर स्पष्टीकरण लिहिलं: 'सोयीसाठी.' सरांनी चष्मा काढला. "सोय कोनाची? तुमची का पोराची?"

पदवीधर माणसाला हा प्रश्न लागला. पण गपगुमान परत संगणकापाशी गेलो आणि लिहिलं: 'तेलुगू पर्याय लांब असल्यास चौथा कडेला कापला जातो, आणि नेमकं तेच उत्तर असतं.'

"नेमकं तेच असते, हे कशावरून?"

"माझ्या परीक्षेत होतं सर."

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला, आणि सामान टेम्पोत चढवायला निघून गेले.

ते हैदराबादला गेल्यावरही आमचं छान चाललं होतं. मी काही बदललं की फाईल पाठवायचो, आणि दुपारच्या आत फोन. "'बहुतेक' काऊन लिहिलं? तपासलं नाही का?" मी चिडायचो, भांडायचो, आणि दुरुस्त करायचो. हळूहळू फोन कमी झाले. मग नुसता मेसेज येऊ लागला: 'ठीक.' परवा मी मुद्दाम एक खोडी केली. स्पष्टीकरणात लिहिलं की अंतर वाढवलं आहे, आणि खाली कोडमध्ये ते कमी केलं. सरांनी हा विसंवाद झोपेतही पकडला असता. लगेच उत्तर आलं: 'बरोबर आहे. तुमी केलं म्हनजे बरोबरच असन.'

मी काकूंना फोन लावला. "काकू, सर फाईल वाचतात ना हो?"

"वाचतेत नं, बापा. दिवसभर तेच घेऊन बसतेत." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "काल लिफ्टमधी एका अनोळखी माणसानं विचारलं, तं यायनं त्याले फ्लॅटचा नंबर सांगून टाकला. वरून म्हणाले, या कधी चहाले. मले तं धस्स झालं."

फोन ठेवल्यावर मी ती ओळ दुरुस्त केली, तिचं स्पष्टीकरणही नीट लिहिलं. शेवटी एक 'बहुतेक' मात्र तसाच राहू दिला, आणि फाईल पुन्हा सरांना पाठवली.