किरण खाणारा बिल्ला

शनिवार, दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं. सगळं तेव्हा सुरू झालं. वेळ एवढी पक्की कशी लक्षात, म्हणाल. अहो, चोरून काही करताना माणूस आधी घड्याळाकडेच बघतो, आणि तीनला आमचा वॉचमन फेरी मारायचा. तुम्ही चहा घ्या, सांगते. एवढा गाढवपणा तुमच्या घराण्यात कुणी केला नसेल, ही माझी हमी.

नव्वद साल उलटून थोडंच झालं होतं. ठाण्याला वागळे इस्टेटजवळ एका तपासणी सेंटरात मी साफसफाईला होते. साधं एक्स-रेचं दुकान नव्हे हां. तिथं पेशंटला किरणांचं औषध टोचायचे, मग मोठ्या कॅमेऱ्याखाली झोपवून हाडांचे, थायरॉइडचे फोटो काढायचे. ते औषध शिशाच्या एका जाड कपाटात असायचं. त्याला सगळे ‘गरम कपाट’ म्हणत. मी बाहेरून फडकं मारायचे, तर हाताला थंडगार लागायचं. पण मोठ्यांचं बोलणं, आपण कशाला मध्ये पडा?

सेंटर नवीन होतं. सरकारी मान्यता कच्ची होती, पक्की मिळायची बाकी. नाही मिळाली तर दाराला कुलूप. डॉक्टरबाईंना झोप लागत नव्हती. मशीन चालवणारा सुभाषदादा, त्याचं कल्याणच्या मुलीशी जमलेलं, पण तिचे वडील म्हणालेले, “सेंटर पक्कं होऊ द्या, मग तारीख काढू.” आणि मी? डोंबिवलीला घरी आठ महिन्यांचं बाळ सासूबाईंजवळ ठेवून यायचे. दुपारी सुटणारी नोकरी मला दुसरी कोण देणार होतं?

तर तिथं प्रत्येकाला एक बिल्ला मिळायचा. आल्यावर छातीला लावायचा, जाताना फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा. पहिल्याच दिवशी मी सुभाषदादाला विचारलं, “हा कशाला?”

“किरणांसाठी, वहिनी.”

“ते लागू नयेत म्हणून?”

तो एका जाड्या पेशंटला टेबलावर चढवत होता. “हो हो, लावा तुम्ही.”

झालं. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की बिल्ला किरण ओढून घेतो. फ्रिजात कोळसा ठेवला की तो वास ओढतो ना, तसं. आता एवढी गुणाची वस्तू हातात, घरात अंगावर पिणारं बाळ, आणि मला दिवसरात्र एकच घोर, की आपण कामावरून किरण घेऊन तर येत नाही ना. तुम्ही काय केलं असतं? मी माझा बिल्ला रोज गुपचूप घरी न्यायला लागले. सेफ्टी पिनेनं पाळण्याला लावायचा, सकाळी परत आणायचा. आणला तरी छातीला कुठला लावते, पिशवीतच राहू द्यायचे. बाळाचा आहे तो, इथं कशाला झिजवा?

सासूबाई म्हणाल्या, “हे काय गं नवीन?”

“आई, हा किरण खातो.”

त्यांना किरण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण खातो म्हटल्यावर त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं.

अशात सोमवारी तपासणीचे साहेब येणार असं कळलं. त्यांच्याकडे एक यंत्र असतं, किरण असले की ते किरकिर करतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “कुठे जरा जास्त किरकिर झाली, तरी मान्यता अडेल.” मी कपाटाकडे बघितलं. त्या कपाटात तर किरणच किरण. आणि फळीवर बिल्ले नुसते लटकलेत, उपाशी.

आलं ना लक्षात?

शनिवारी सगळे गेल्यावर सुभाषदादाच्या खणातून किल्ली काढली. मिरचीची फोडणी द्यायची असल्यासारखा पदर नाकाला लावला, तोंड फिरवून कपाट उघडलं, सगळ्यांचे बिल्ले फडक्यात गुंडाळून आत ढकलले, दार लावलं आणि पळाले. माझा नाही हं ठेवला. तो बाळाचा.

सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन ते पुन्हा जागेवर अडकवले. साहेब आले, यंत्र घेऊन कोपरान् कोपरा फिरले. कपाटाजवळ वाकले, मान हलवली. “बाहेर काहीच येत नाही. छान ठेवलंय.”

मी पोछा धरून दारात उभी, लेक पसंत पडल्यासारखी.

बिल्ले साहेबांनी मोजायला नेले, माझाही पिशवीतून काढून द्यावा लागला. म्हणाले, “यांचा रिपोर्ट आला की मान्यता देतो.” घरी जाऊन मी सासूबाईंना सांगितलं, “आई, सेंटर मी पास केलं.” त्यांनी बाळाच्या हातावर साखर ठेवली.

मग तो रिपोर्ट आला. डॉक्टरबाई खुर्चीतून उठेचनात. बिल्ले म्हणे काठोकाठ. माणसाला वर्षभरात जेवढे किरण लागू नयेत, त्याहून कितीतरी जास्त सगळ्यांना लागलेले. मान्यता थांबली. सगळ्यांची रक्तं तपासायला गेली. सुभाषदादाची आई त्याला पहाटे उठवून दुर्वांचा रस पाजायला लागली. कल्याणहून निरोप आला, “लग्नाचं तूर्तास राहू द्या.”

मीही रडत होते. पण का, ते ऐका. मला वाटलं, बिल्ल्यांनी एवढे खाऊनही यांना एवढे लागले, तर मुळात होते तरी किती? बरं झालं आपण वेळेत ठेवले.

साहेब चौकशीला परत आले. सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं, मला भिंतीशी उभं केलं.

“सगळ्यांचे बिल्ले भरलेले, एकच कोरा. शैलाबाई कोण?”

“मी.”

“बाई, तुम्ही कामावर येता का?”

“म्हणजे?”

“बिल्ला सांगतो की तुम्ही इथं नसताच. सही करून घरी जाता वाटतं.”

बाकी काही बोलले असते तरी मी ऐकून घेतलं असतं. तापलेल्या बाळाला टाकून कामावर आलेली बाई मी.

“एक खाडा नाही माझा, साहेब. कुणालाही विचारा. शनिवारी तर सगळे गेल्यावर मीच मागे थांबते. कपाटात बिल्ले ठेवायला कोण थांबलं होतं, तुम्ही?”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “परत सांगा. सावकाश.”

मग सगळं सांगितलं, कोळशासकट. सुभाषदादा खुर्ची सोडून जमिनीवरच बसला. डॉक्टरबाई आधी हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या.

साहेब शांतपणे म्हणाले, “बाई, थर्मामीटर काखेत धरला की ताप उतरतो का?”

“नाही. कळतो नुसता.”

“बिल्ला तसाच. किती किरण लागले ते सांगतो, खात नाही. आता थर्मामीटर चुलीजवळ ठेवला तर?”

“ताप फार चढलाय असं दिसेल,” मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला घाम फुटला.

“तेच दिसलं,” साहेब म्हणाले. मग कोरा बिल्ला उलटसुलट करून बघितला. “आणि याच्यावर हे लाल काय?”

“कुंकू.”

त्यांनी ते लिहून घेतलं नाही, एवढी त्यांची कृपा.

रक्तं सगळ्यांची चांगली निघाली. कपाटाची किल्ली डॉक्टरबाईंच्या कमरेला गेली. नवे बिल्ले आले, ते नीट वापरून पुन्हा मोजून झाले, आणि उशिरा का होईना, पक्की मान्यता आली. मला वाटलं, आता मला काढणार. डॉक्टरबाई म्हणाल्या, “काढत नाही. पण सुभाषचे सासरे रिपोर्टावर विश्वास ठेवत नाहीत, डॉक्टर डॉक्टरांना सांभाळून घेतात म्हणतात. तू जा आणि तूच सांग.”

बाळाला कडेवर घेऊन कल्याणला गेले. मुलीचे आईवडील, काका, दोन आत्या, सगळे समोर बसलेले. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. एक आत्या म्हणाली, “परत सांगा हो, मी चहा टाकायला आत गेले होते.” परत सांगितलं. मग शेजारच्या आल्या, त्यांच्यासाठी पुन्हा.

मुलीचे वडील शेवटी उठले आणि बायकोला म्हणाले, “तारीख काढायला सांगा भटजींना. एवढा मूर्खपणा कुणाला बनवून सांगता येणार नाही.”

लग्न झालं, छान झालं. पण कल्याणात अजून काही माणसं आहेत, सुभाषदादा सासरचा जिना चढताना दिसला की पोरांना आत ओढतात. तेव्हा एक काम करा. तुमच्या ओळखीचं तिकडं कुणी असेल तर जाता-येता कानावर घाला, तो ठणठणीत आहे, त्याला काही झालेलं नव्हतं. कुणी विचारलंच की मग झालं होतं कुणाला, तर बिनदिक्कत माझं नाव सांगा.