ठळकबाईची पाटी

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या त्या बाईला अख्खी गल्ली ठळकबाई म्हणायची, आणि तिला ते मनापासून आवडायचं. तिचं अक्षरच तसं होतं. उभे दंड मनगटाएवढे जाड, आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा केसासारख्या बारीक. तिच्या वडिलांचं अक्षर गुळगुळीत, सगळीकडून सारखं. लेकीची पहिली पाटी पाहून त्यांनी कपाळाला हात लावला होता. "भांडायला उठल्यासारखी दिसतात गं ही अक्षरं!"

"दिसू देत," ती म्हणाली. पुढे ते गेले, धंदा तिच्याकडे आला, पण अक्षर काही बदललं नाही.

आधी जाड रेघा भरायच्या, वाळू द्यायच्या, मग श्वास रोखून बारीक रेघ एकाच ओढीत काढायची. त्या वेळी तिच्याशी बोलायची कोणाची टाप नव्हती. बारीक रेघ नसेल तर जाडीला काय अर्थ, असं ती म्हणायची. धाकट्या भावाला यात फारसा रस नव्हता. तो रंग कालवायचा, शिडी धरायचा आणि गिऱ्हाइकाच्या हो ला हो म्हणायचा.

बाजारातल्या चपलांच्या दुकानाची भलीमोठी पाटी तिने जीव ओतून रंगवली. ती जेवायला गेली असताना दुकानाचा मालक डोकावला. "रेघा फार नाजूक वाटतात, जरा जाड करा की." भावाने लगेच ब्रश उचलला, आणि ती परतायच्या आत पाटी मालकाबरोबर धाडूनही दिली.

दुसऱ्या दिवशी पाटी दुकानावर चढली आणि ठळकबाईने ती समोरच्या फुटपाथवरून पाहिली. 'पादत्राणे' या शब्दाचा नुसता काळा गोळा झाला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरातरा शिडी चढून ती पाटी सोडवायला लागली.

"मला हवी तशी नसेल तर पाटीच नको!" मालक खालून ओरडला.

"नको तर नको!"

"ताई, अगं एवढं मोठं गिऱ्हाईक! उद्या बाजारात कोण विचारणार आपल्याला?" भाऊ रडकुंडीला आला.

"नको विचारू देत. तू शिडी धर."

तिने रेघा खरवडल्या, पुन्हा काढल्या, आणि पाटी आपल्याच दारावर टांगली. आता ती रस्त्याच्या टोकावरून लख्ख वाचता येत होती. इतकी, की लोक तिच्याकडे चपला मागायला येऊ लागले. शेवटी मालक स्वतः आला.

"माझी माणसं तुमच्याकडे वळतायत, बाई. द्या बरं पाटी."

"न्या. पण रेघेला हात लावायचा नाही."

त्याने मान वर करून पाटी न्याहाळली. "अगदी थोडीशी जाड..."

ठळकबाईने दार लावून घेतलं. भाऊ रंग कालवत बसला. जरा वेळाने कोणीतरी कडी वाजवली. चपला कुठे मिळतात, असं विचारत होतं.

भाऊच उठला. त्याने दार उघडून बाजाराकडे बोट दाखवलं.

"तिकडे. ज्या दुकानावर पाटी नाही ना, तेच."