स्लायडर डब्यात आहे

आधीच सांगते — असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. वाचून कोणी शांती करून घ्या म्हणून सुचवणार असेल, तर कृपया नको. मी इलेक्ट्रॉनिक्सवाली बाई. मुलुंड पूर्वेला घरीच जुन्या रेकॉर्ड प्लेअरची कामं करते.

हा प्लेअर बाबांचा. डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे पट्टा नाही, रेकॉर्ड ठेवायची तबकडी थेट मोटरवर फिरते. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे, आई गायची. त्यांच्या लाडक्या भजनाची रेकॉर्ड पेटीच्या सुरापेक्षा किंचित उतरलेली. पेटीचा सूर काही हलत नाही, म्हणून बाबा वेगाचा स्लायडर जरा पुढे सारून रेकॉर्डच पेटीला मिळवून घ्यायचे. दुपारची जेवणं झाली की दोघांचं हे रोजचं. बाबा गेले आणि पेटीवर कापड पडलं. आईचा आवाज पुन्हा ऐकायचा, एवढ्यासाठी मी प्लेअर दुरुस्तीला घेतला.

लाकडी बॉडी घासून नवं पॉलिश केलं, कपॅसिटर बदलले. स्लायडर पार गंजला होता, तो काढूनच टाकला आणि वेग अगदी बरोब्बर लॉक केला. तबकडीच्या कडेला ठिपके असतात. वेग बरोबर असला की छोट्या दिव्याच्या उजेडात ते थांबल्यासारखे दिसतात. माझे ठिपके ठार उभे. मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

आईने रेकॉर्ड लावली, पेटी उघडली, दोन ओळी म्हटल्या... आणि भाता मिटला. सूर जुळेचना. तिला वाटलं, आपलाच गळा गेला. "आता जमणा नाय गो," म्हणाली आणि आत जाऊन पडली. मला रडूच आलं. बाबांचा वेगच मी पुसून टाकला होता! लगेच नवा स्लायडर मागवला.

तो आला त्या दुपारी आई आपणहून पेटीपाशी बसली. अजून बसवला नाही, थांब, म्हटलं. ऐकते कुठली. तिने सुई ठेवली. ठिपके उभे होते. तिने पेटीवर सूर धरला आणि ठिपके पुढे सरकायला लागले... आधी हळू, मग एका चालीने. रेकॉर्ड चढली ती नेमकी पेटीच्या सुरावर येऊन थांबली. आई गायला लागली. मी प्लग काढायला वाकले, तर गातागाताच तिने माझा हात धरला.

कडवं संपल्यावर म्हणाली, "पेटीक लागता आता. हात लावू नको."

दुसऱ्या दिवशी सगळं उघडलं. व्होल्टेज, सोल्डर, मोटर — सगळं झकास. घाटकोपरचा इंजिनिअर मित्र मीटर घेऊन आला आणि डोकं खाजवत गेला. दुसरी कुठलीही रेकॉर्ड लावा, ठिपके उभे. भजनाची ती रेकॉर्ड लावून आई पेटीपाशी बसली की पळतात.

बाबा आलेत, असं मी म्हणणार नाही. आईही म्हणत नाही, ती गाते. कारण मला सापडलेलं नाही, हे मान्य. नवा स्लायडर डब्यात पडलाय आणि तो मी बसवणार नाही. प्लेअर दुरुस्त झाला का, असं कोणी विचारलं तर बेधडक हो म्हणून सांगते.