कोरड्या खडकाचा नियम

शिलाई मशीनचा आवाज बंद पडला की गिऱ्हाइकांनी ओळखायचं, मास्तरांची स्वारी गळ घेऊन समुद्रावर गेली. शिवणकामात मास्तरांना तोड नव्हती आणि मासे धरण्यात तर नव्हतीच. निदान त्यांचं स्वतःचं मत तरी तसं होतं. फक्त शिकवायचा भारी कंटाळा. कुणी काही विचारलं की अर्धं सांगायचं आणि कात्री उचलायची.

धाकट्या बहिणीच्या नवऱ्यालाही त्यांनी तसंच वाटेला लावलं. "दादा, खडकावर उभं कुठं राहायचं?" त्यानं विचारलं होतं. मास्तर बाही जोडत होते. मान वर न करता म्हणाले, "कोरड्या जागी, जावईबापू. कोरडं आहे म्हणजे तिथवर लाट येत नाही." पुढचं सांगायचं राहिलं. आधी वीसेक मिनिटं मागे बसून समुद्र नुसता बघायचा असतो, कारण मोठी लाट बऱ्याच वेळानं एखादीच येते आणि तोवर कडक उन्हात खडक खडखडीत वाळलेला असतो.

मेहुणा भर दुपारी गेला, कोरडी जागा शोधून उभा राहिला आणि लाटेनं त्याला उचलून आपटलं. जवळच्या दोघांनी दोर टाकला म्हणून जीव वाचला, पण खुब्याचं हाड मोडलं ते मोडलंच. मास्तरांनी नियमाबद्दल ब्रसुद्धा काढला नाही.

वर्ष झालं. मेहुणा आता काठी टेकत येतो, दुकानाच्या पायरीवर बसतो आणि हौशी लोकांना धडे देतो. परवा एक नवरा-बायको नवे गळ घेऊन समुद्राकडे निघाले होते.

"कोरडी जागा बघा," तो म्हणाला. "आमच्या दादांचा नियम आहे, चुकायचा नाही. मीच धांदरट, ओल्यावर उभा राहिलो असणार."

आत मास्तरांनी ते ऐकलं. गप्प राहावं तर या दोघांच्या जिवाशी खेळ, बोलावं तर आपली अब्रू जाणार. मशीन थांबवून ते बाहेर आले आणि राहिलेलं सगळं त्या दोघांना सांगितलं. मेहुण्याकडे बघायची छाती झाली नाही. दोघं आभार मानून गेले.

मेहुण्यानं काठी जवळ ओढली.

"दादा, वर्षभर तुमची बहीण मला वेंधळा म्हणतेय आणि मी मान डोलावतोय. पायाचं जाऊ द्या हो. एवढं तरी सांगायचंत."

तो उठायला लागला. रोजच्यासारखा मास्तरांनी हात पुढे केला. त्यानं भिंत धरली.