हिरामणच्या बिअरचं झाकण

घरी बिअर कशी करावी यावर हिरामण बेलवली गावभर बोलत सुटला, तेव्हा त्याने स्वतः तिचा एक थेंबही केला नव्हता. पण सल्ला द्यायला हिरामणला अनुभव कधीच लागला नाही. मोरिवलीच्या एका केमिकल कंपनीत तो ऑपरेटर म्हणून चिकटला आणि ऑपरेटर म्हणूनच निवृत्त झाला. तिथे साहेबाने त्याचं जन्मभर ऐकलं नाही, म्हणून निवृत्तीनंतर तो गावाला ऐकवू लागला. आधी मधुमेहावर बोलला, मग सोलरवर, आणि मुलगी सोनियाचं लग्न ठरल्यावर बिअरवर.

याला कारण हळद. या भागात हळदीच्या रात्री हळद चिमूटभर लागते आणि बाटल्या क्रेटने. साखरपुड्याच्या पंगतीत हिरामणने भर पाहुण्यांत जाहीर केलं, "सोनियाच्या हळदीला माझ्या हातची बिअर!"

समोर त्याचा चुलतभाऊ हरिचंद्र मटण ओरपत बसला होता. दोघांच्या अंगणांमधली भिंत एक, पण त्या भिंतीवरूनच बारा वर्षं अबोला. लग्न-मयताला तेवढे शब्द सुटायचे, तेही टोचणारे. हरिचंद्र मान वर न करता म्हणाला, "याला चाय करता येत नाय, हा बिअर करतो! पिण्यासारखी झाली ना, तर भर मांडवात तुझ्या पाया परीन. नाय झाली तर तू माझ्या."

हरिचंद्र वर्षाने मोठा. मोठ्याने धाकट्याच्या पाया पडायचं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. हिरामणला ताट गोड लागेना. सोनियाचे होणारे सासरे जनूभाऊ मात्र खुशीत हसत होते. त्यांना फुकटचा तमाशा ठरला होता.

हिरामणने ऑनलाइन सामान मागवलं. माल्टचा काळा पाक, हॉप्स नावाची कडवट वाळकी फुलं, यीस्टची पुडी आणि हे सगळं आंबवायला झाकणात नळी नि खाली तोटी असलेला प्लास्टिकचा कॅन. रिकाम्या बाटल्या उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून आणल्या आणि दोन दिवस मोरीत बसून घासल्या. बायको बनूबाई बघतच राहिली, कारण या माणसाने घरातला कप कधी विसळला नव्हता.

"बिअर म्हणजे निम्मं काम भांडी घासायचं," तो टपरीवर पोरांना सांगे. "साबणाचा वास राहिला तर फेस मेला समजा. शेवटी उकळतं पाणी फिरवा. आणि पाक थंड होऊ द्या रे, गरम पाकात यीस्ट टाकलंत तर ते जळून मरतं." बदलापूरच्या एप्रिलात माणूसच आंबतो, म्हणून कॅन त्याने पाण्याच्या टबात ठेवला आणि ओली गोणी गुंडाळली. बाटलीत भरताना साखर मोजूनच घालायची, हात सैल सुटला तर बाटली फुटते, हेही तो ठणकावून सांगे. पण त्याचा खरा जीव झाकणात. "कंपनीत रिअॅक्टरचं झाकण उघडलं की मेमो. इथे पण तेच. आत काय चाललंय ते नळीतले बुडबुडे सांगतात. बघायला म्हणून सुद्धा उघडायचं नाही!"

टपरीवरच्या सगळ्यांना त्याने हे सांगितलं. घरात तेवढं सांगायचं राहिलं.

कॅन ठेवला होता देवघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत. पुढे बुडबुडे थांबल्यावर त्याने खालच्या तोटीने बाटल्या भरल्या, बुचं ठोकली आणि पहिला घोट मांडवातच, असा पण करून चाखायचंही टाळलं. हळदीच्या सकाळी कोकम सरबतासाठी रिकामा कॅन धुवायला घेतला, तर तळच्या गाळातून एक सुपारी निघाली. मग पिवळे तांदूळ. मग हळकुंड.

"बने! हे काय?"

"गणपती," बनूबाई शांतपणे म्हणाली. "लग्नाघरी नवीन वस्तू आली, पूजा नको? बाहेरच्या प्लास्टिकला हळदकुंकू चिकटेना, म्हणून झाकण काढून आतच वाहिलं. पोरीचं चांगलं व्हावं म्हणून."

पोरीच्या नावाने केलेल्या पूजेवर ओरडायचं तरी काय? हिरामणने धावत जाऊन एक बाटली फोडली. फेस झकास आला. घोट घेतला आणि जबड्यापासून कानापर्यंत सगळं आंबून गेलं. बाटलीत बिअर फक्त नावाला उरली होती.

दिवसभर तो मांडवात चोरासारखा वावरला. लपवावी तर गाव विचारणार, पाजावी तर गाव थुंकणार. संध्याकाळी सोनियाच्या तोंडाला हळद लागली, बेंजो सुरू झाला, आणि नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन आलेल्या जनूभाऊंनी आवाज टाकला, "काय व्याही, कुठाय ती तुमची बिअर? का नुसत्याच गप्पा?" त्यांच्याकडचे चारजण खो-खो हसले. सोनियाचा हळदीचा चेहरा उतरला. हिरामणला ते दिसलं आणि आतून तो पार खचला.

त्याने क्रेट आणला, एक ग्लास भरला आणि हरिचंद्रच्या हातात दिला. पाया पडायला वाकायचं, एवढंच आता उरलं होतं.

हरिचंद्रने घोट घेतला. त्याचा एक डोळा आपोआप मिटला. त्याने ग्लासाकडे पाहिलं, हिरामणकडे पाहिलं, मग सोनियाकडे. अबोल्याच्या सगळ्या वर्षांत ही पोर भिंतीवरून उडी मारून त्याच्याच घरी जेवायला यायची. जनूभाऊ अजून हसत होते. हरिचंद्रने ग्लास तोंडाला लावला आणि श्वास न घेता तळापर्यंत रिकामा केला.

"एक नंबर!" तो गरजला.

"आम्हालाही द्या की," जनूभाऊ पुढे झाले.

"कोनाला थेंब मिलनार नाय," हरिचंद्र क्रेटवर बूड टेकून म्हणाला. "माझ्या भावाने माझ्यासाठी केलीय. तुमी दुकानची प्या."

मग तो उठला आणि भर मांडवात, बेंजो थांबवून, वर्षाने धाकट्या भावाच्या पायांवर वाकला. मांडवाने शिट्ट्या मारल्या. सोनिया रडत हसत होती. हिरामणचे डोळे भरून आले, त्याने घाईघाईने खाली वाकून भावाचे खांदे धरले. तेव्हा पायांजवळून, फक्त त्यालाच ऐकू जाईल असा आवाज आला:

"सिरका पाजलास मना, मेल्या. पोरीचा लगीन होऊ दे, मंग तुना बघतो."