पाषाणराक्षसाला जोड

आदिलाबादच्या वीज उपकेंद्रात सहायक अभियंता असलेला भार्गव हा अतिशय काटेकोर मनुष्य होता. मोजून घेतल्यावाचून कोणत्याही गोष्टीवर त्याचा विश्वास बसत नसे. अशा मनुष्याने राक्षस आणि मंत्रतंत्र यांच्या नादी लागावे, याचे त्याच्या कार्यालयात सर्वांना नवल वाटे. परंतु गेली सहा वर्षे दर रविवारी दुपारी तीन वाजता त्याच्या जेवणाच्या टेबलावर एक काल्पनिक राज्य नियमितपणे उभे राहत होते. भार्गव त्या खेळाचा सूत्रधार. गुहा, नद्या आणि शत्रू तो निर्माण करी; त्याची पत्नी पूर्णिमा, तिच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राची अध्यापिका स्वरा आणि उपकेंद्रातील लाइनमन गोपाल हे तिघे एकेका पात्राची भूमिका घेत. घाव बसला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवी.

सूत्रधाराचे खरे कसब सामना रचण्यात असते. शत्रू दुबळा निघाला तर खेळाडू जांभया देतात, डोईजड झाला तर मरतात. कोणत्या खेळाडूंपुढे किती बळाचा शत्रू ठेवावा, याची कोष्टके खेळाच्या नियमपुस्तकात दिलेली असत आणि भार्गवची त्यांच्यावर रोहित्रावरील आकड्यांइतकीच श्रद्धा होती.

त्या श्रद्धेला दोन रविवारी तडाखा बसला. पहिल्या रविवारी त्याने एकच प्रचंड पाषाणराक्षस आणला. तिघांनी त्याला घेरले आणि दुसऱ्यांदा हात उचलण्यापूर्वीच तो कोसळला. पुढच्या रविवारी भार्गवने त्याच राक्षसाच्या जुळ्या भावाला दुप्पट बळ देऊन उभे केले. त्याचा पहिलाच घाव स्वराच्या वैद्य स्त्रीवर पडला आणि ती जागीच गेली. उरलेले दोघे झुंजत असताना स्वरा दीड तास शेंगदाणे सोलत बसली. निघताना ती शांतपणे म्हणाली, "भार्गवदादा, येत्या रविवारी येते. त्यानंतर मात्र मला धरू नका."

ती रागावली असती तर भार्गवने समजूत घातली असती. पण ती कंटाळली होती. दोन खेळाडूंवर खेळ चालत नाही, आणि या गावात तिसरा मिळवायला त्याला मागच्या खेपेस दोन वर्षे लागली होती.

बुधवारी तो गोपालच्या वडिलांना भेटायला गेला. चंपतरावांचे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म झाले होते. बेल्याकडच्या आपल्या गावात कापूस आणि ज्वारी पिकवणारे हे गृहस्थ जत्रेतील कुस्त्यांच्या जोड्या लावण्यासाठी त्या भागात प्रसिद्ध होते. कोणता पैलवान कोणाशी लढेल, हे चाळीस वर्षे त्यांच्या शब्दावर ठरले होते. काळा चष्मा लावून ते खाटेवर बसले होते.

"साहेब, गोपाल म्हनते का तुमचा राक्षस दोन मिन्टात पडला."

"पडला, काका. पण कोष्टकाप्रमाणे तो बरोबर होता."

"वजन बरोबर असन. पन एकावर तिघं सोडले तुमी. थो एक डाव टाकते तवर याइचे तीन पडते. अशी जोड मी लावली असती तं लोकाइनं मले आखाड्याबाहेर फेकलं असतं."

"बाबा, तुमी राक्षसाकडून बोलून राह्यले," गोपाल हसत म्हणाला.

"मी कोनाकडूनच बोलत न्हाई. म्हनून तं मले इचारत होते लोकं." मग ते भार्गवकडे वळले. "अन् थे मास्तरीनबाई काऊन रुसली? हारली म्हनून?"

"तिचं पात्र मेलं. पहिल्याच पाळीत."

"मंग बरोबर हाय. हारलेला पैलवान पुढच्या साली येते, साहेब. पन ज्याले एकबी डाव टाकाले भेटला न्हाई, थो येत न्हाई. मी वजन मागून पाहो. पयले पाहो, याच्यापाशी डाव कोनता हाय, अन् थो टाकाले त्याले जागा भेटन का."

घरी आल्यावर भार्गवने कोष्टक मिटले आणि कोऱ्या कागदावर तीन नावे लिहिली. प्रत्येक नावाखाली, जे इतर दोघांना जमत नाही तेवढेच नोंदवले. मग नव्या पाषाणराक्षसाला पहिल्याइतकेच बळ देऊन त्याच्यासोबत दोन दगडी कुत्री दिली. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या पाळ्या समान झाल्या. धबधब्यावर एक अरुंद पूल टाकला. तिथे गोपालचा ढालकरी वाट अडवू शकत होता. राक्षसाच्या खांद्यावर पूर्णिमाच्या बाणासाठी एक तडा ठेवला आणि स्वरासाठी विषबाधा झालेला एक नावाडी पुलाच्या मध्यावर निजवला.

रविवारी स्वरा मृत वैद्याची धाकटी बहीण होऊन आली. तीही वैद्यच. तिने दुसऱ्या पाळीत नावाड्याला वाचवले. भार्गवला हायसे वाटत होते, तोच ती म्हणाली, "राक्षसाच्या खांद्याला तडा आहे म्हणालात ना? मी तो भरू शकते का?"

"अगं, आत्ताच मी त्यात बाण मारला," पूर्णिमा म्हणाली.

"म्हणूनच विचारून राह्यले. दुखत असेल त्याला."

शत्रूवर उपचार करण्याचा नियम कोठेही नव्हता. तीन संध्याकाळी खपून रचलेला सामना असा एका मलमाने संपावा, हे भार्गवला रुचेना. नकार त्याच्या ओठांवर आला होता. पण स्वरा टेबलावर पुढे वाकून बसली आहे, हे त्याच्या ध्यानात आले.

"फासा टाक. पंधरा किंवा वर."

अकरा पडले. राक्षसाने वैद्याला मुठीत उचलले. गोपालने वाट सोडून तिचा पाय धरला, त्या फटीतून एक कुत्रे आत घुसले, पूर्णिमाचा बाण हुकला आणि पुढचा तास कोणालाही खुर्चीला पाठ टेकवता आली नाही. अखेर कुत्री पाण्यात पडली आणि राक्षस स्वराला टाकून डोंगराकडे पळाला. तिघांचे मिळून जीवशक्तीचे सातच गुण उरले होते. त्यांपैकी एक स्वराचा.

"पळाला कसा? तुम्ही त्याला सोडलं," पूर्णिमा नवऱ्याला म्हणाली.

"खांदा फुटलेला आहे. कोणीही पळेल," भार्गवने गंभीरपणे सांगितले.

स्वरा आपल्या पात्राच्या कागदावर काहीतरी लिहीत होती.

"पुढच्या रविवारी मला आईला घेऊन बासरला जायचं आहे," ती मान वर न करता म्हणाली. "शनिवारी बसलो तर चालेल का? तो डोंगरात फार लांब जाण्याआधी मला त्याला गाठायचं आहे."

शनिवारी गोपालची पाळी उपकेंद्रात होती. ती बदलून देण्याचे भार्गवने तेथेच मान्य केले.