तिफण उतरली का?

सुभद्रा लक्ष्मण पाझारे, तुझे पूर्ण नाव लिहूनच आरंभ करतो. तू असताना मी तुला नावाने क्वचितच हाक मारली. "ऐकलेस का" एवढ्यावर सोळा वर्षे निभावली. गेल्या ज्येष्ठात, अखेरच्या संध्याकाळी, तू मला विचारलेस, "तिफन उतरली का?" मी उत्तर दिले, "आपल्या घरी तिफण नाही." त्यानंतर तू काही बोलली नाहीस. तो प्रश्न तापाच्या भरातला होता की शुद्धीतला, हे मला ठरवता आले नाही, आणि ते ठरल्याशिवाय मला स्वस्थ बसवेना. म्हणून मी तुझ्या माहेरी जाऊन आलो. ही त्या प्रवासाची हकीकत.

वाचकांना थोडे सांगणे आवश्यक आहे. तिफण म्हणजे तीन फणांचे पेरणीचे लाकडी अवजार. बैल ते ओढतात आणि नळ्यांतून बी तीन ओळींत पडत जाते. मी यवतमाळच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. घरात तिफण असण्याचे कारण नाही. परंतु दर कार्तिकात सुभद्रा अंगणातून आभाळाकडे बोट करून म्हणे, "पाहा, तिफन वर आली." मी पुस्तकातून मान न काढता दुरुस्ती करीत असे, "मृग नक्षत्र म्हणावे." पुढे नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर मी घरातला देव्हारा काढला, गंडेदोरे काढले, आणि त्याच झाडलोटीत तिची तिफणही काढून टाकली. आभाळातले काहीही घरात आणायचे नाही, असा माझा दंडक होता. त्यानंतर तिने बोट केले नाही.

यंदाच्या कार्तिकात घागर घेऊन अंगणात उतरलो आणि ते बोट आठवले. तेव्हा एक गोष्ट प्रथमच स्वतःशी कबूल केली. अठरा वर्षे मी फळ्यावर मृग काढला, व्याध काढला, बाण काढला. आकाशात मात्र मला सप्तर्षीखेरीज काहीच ओळखता येत नव्हते. घरमालकांकडून गच्चीच्या दोन किल्ल्या मागून घेतल्या, एक जिन्याची आणि एक वरच्या दाराची. नकाशा घेऊन महिनाभर वर जात राहिलो. नकाशातले एकही चित्र आकाशात सापडले नाही. खाली येऊन झोपही लागत नसे. घड्याळ पाही, पुन्हा वर जाई.

पौषातल्या अमावास्येचा मुहूर्त मी निवडला, कारण त्या रात्री चंद्र नसतो. लोकांनी तोच मुहूर्त जग बुडण्यासाठी निवडला होता, हे एस.टी.त चढल्यावर कळले. मकर राशीत आठ ग्रह एकत्र येत होते आणि अष्टग्रहीची धास्ती गावोगाव पसरली होती. यवतमाळहून घाटंजीला जाणारी सकाळची गाडी निम्मी रिकामी होती. भाडे दीड रुपयाच्या आतबाहेर, रस्ता बराचसा खडीचा, खिडकीतून कपाशीच्या पऱ्हाट्यांची वाळलेली शेते. उजवीकडे बसावे, ऊन लागत नाही.

माझ्या मांडीवरचा नक्षत्रपट पाहून शेजारच्या धोतरवाल्या गृहस्थांनी विचारले, "मास्तर दिसता. बुडते का हो जग?"

"ग्रह एका दिशेला दिसतात, एका ठिकाणी येत नाहीत. पृथ्वीला काही धोका नाही," मी म्हणालो.

"मंग एवढे यज्ञ कायले करून राह्यले लोक?"

मागच्या बाकावर टोपलीत कोंबड्या घेऊन बसलेली बाई म्हणाली, "बुडन तं बुडू दे ना बाप्पा. पयले माह्या कोंबड्या बाजारात इकू दे. मंग बुडा म्हना सावकाश."

सारी गाडी हसली. मी हसलो नाही. अष्टग्रहीतले सगळे ग्रह सूर्याच्या आसपास आहेत, त्यामुळे संध्याकाळी आकाशात एकही ग्रह नसेल, जे दिसतील ते निव्वळ तारे, आणि शिकणाऱ्याला याहून चांगली संधी नाही, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

घाटंजीला बाजाराचा दिवस होता. चहा आणि गरम भजी घेऊन मी सुभद्रेच्या माहेरी, मोहझरीला जाणारी बैलबंडी शोधू लागलो. मोहझरी अडीच कोसांवर आहे. पक्का रस्ता नाही. बाजार आटोपल्याशिवाय बंडी निघणार नाही असे कळले, तेव्हा पिशवी खांद्याला लावून पायीच निघालो. थांबणे मला शक्य नव्हते. वाटेत दोन नाले लागतात, या दिवसांत दोन्ही कोरडे असतात. पाणी बरोबर घ्यावे.

सुभद्रेचा भाऊ शामराव ओसरीवर तुरी झोडपत होता. मला पाहून त्याने हातातले दांडके खाली ठेवले. तिच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर आम्ही प्रथमच भेटत होतो.

"भाऊजी, कागद नाही, निरोप नाही. तब्येत तं ठीक हाय ना?"

"ठीक आहे. मला नक्षत्रे शिकायची आहेत."

शामरावाने बायकोकडे पाहिले. वच्छला वहिनी चुलीपासून उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आभाय तं तुमच्या यवतमायलेबी हाय ना. थेथलं फाटलं का?"

जेवायला सोले-वांग्याची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी, ज्वारीची भाकर आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळणा होता. पाला बारीक चिरून त्यात कांदा, तिखट, तेल घालतात. सुभद्रा हा घोळणा करीत असे आणि मी त्याला कच्चा पाला म्हणत असे. त्या दिवशी दोनदा मागून घेतला.

पहिल्या संध्याकाळी मी एकटाच गावाबाहेरच्या शेतात गेलो. विजेरीच्या काचेला लाल जिलेटिन कागद लावला होता. पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात आणि मग अर्धी घटका काही दिसत नाही. नकाशा दोन्ही हातांत धरला, होकायंत्राने उत्तर साधली, पूर्व उजव्या हाताला घेतली. काहीच जुळेना. तारे इतके होते की यवतमाळच्या गच्चीवर जे थोडेफार ओळखीचे वाटत होते तेही बुडून गेले. मी बांधावर उभा राहिलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेऱ्या झाल्या, सांगता येत नाही.

अखेर कंदील घेऊन वहिनी आणि शामराव मला शोधत आले. मी हातात नकाशा धरून वर पाहत होतो.

"भाऊजी, कागद उलटा धरला का तुमी?"

"वहिनी, उत्तर वर, पूर्व उजवीकडे. हा नियम आहे."

"नियम जमिनीचा असन," त्या म्हणाल्या. "जमीन खालतं पाहाची अस्ते. आभाय वरतं पाहाचं अस्ते. निजा."

"काय?"

"निजा म्हन्तो ना, जमिनीवर. अन् कागद डोयावर धरा."

शामरावाने घोंगडी पसरली. मी उत्तरेला डोके करून निजलो, नकाशा डोक्यावर धरला, आणि पूर्व आपोआप डाव्या हाताला आली, नकाशात छापली होती तशीच. ज्याला पायाखालच्या भूमीचा नकाशा वाचायची सवय आहे, तोच ही चूक करतो. अठरा वर्षे भूगोल शिकवून मी ती केली होती. वाचकांपैकी कुणी नक्षत्रे शिकायला निघाला, तर त्याने एवढे ध्यानात ठेवावे: आकाशाचा नकाशा निजून वाचावा.

मग एकेक सापडू लागले. डोक्यावर कृत्तिकांचा झुबका, त्याच्या पूर्वेला तांबूस रोहिणी, आणि आणखी पूर्वेला चौकोनात एका ओळीत तीन तारे, सारख्या अंतरावर. मी म्हणालो, "हा मृग. हे तीन तारे म्हणजे बाण. आणि खाली तो तेजस्वी तारा व्याध. व्याधाने हरणाला बाण मारला आहे."

"हरीन कोठं हाय?" वहिनी म्हणाल्या. "ते तं तिफन हाय. ते तीन फन. खालतं ते बारीक बारीक तारे दिसते ना, ते बी पडून राह्यलं. अन् तुमचा तो शिकारी कायचा? ते सरतेवाली हाय."

सरता म्हणजे काय, हे मला ठाऊक होते. तिफणीच्या मागे दोरीला बांधलेली वेगळी नळी असते. ती हातात धरून एक बाई मागून चालते आणि दोन ओळींच्या मधून तुरीचे बी सोडत जाते. तिफण पुरुष हाकतो, सरता बाईच धरते. आकाशात ते तीन तारे पुढे जातात आणि तो तेजस्वी तारा रात्रभर त्यांच्या मागोमाग जातो. सगळ्या आकाशात तोच सर्वांत प्रखर आहे, आणि मी वर्गात त्याच्या हाती धनुष्य दिले होते.

"सुभद्रा लगनाच्या आंधीपासून सरता धरे," शामराव म्हणाला. "तिच्यावानी सरय रांग कोनाची पडे नाही. लगन झाल्यावरबी मिरगाले येऊन धराची. मंग..."

 पुढचे मी जाणत होतो. मास्तराची बायको चिखलात सरता धरते, हे मला कमीपणाचे वाटले. मी शामरावाला तसे पत्र लिहिले होते. स्वच्छ अक्षरात, शुद्ध भाषेत.

मी घोंगडीवर उठून बसलो. इतके महिने जे विचारायचे होते ते आता टाळणे शक्य नव्हते.

"तिफण उतरली का, असे कुणी म्हणाले तर त्याचा अर्थ काय होतो?"

 मग शामराव समजावून सांगू लागला, जसे मी मुलांना सांगतो. कार्तिकात तिफण संध्याकाळी वर येते. माघात माथ्यावर असते. चैत्रात पश्चिमेला झुकते. वैशाख सरता सरता दिवस मावळल्यावर पाहावे तर आभाळात तिफण नसते. "आमी म्हन्तो, तिफन उतरली. वावरात आली. मंग मिरीग लागते, पेरनी लागते. तिफन उतरली का आमच्या घरून पोरीले निरोप जाये, सरता धराले ये म्हनून."

यात देव नव्हता, गंडादोरा नव्हता. सूर्य मृगात आला की मृग दिसत नाही, एवढेच पुस्तकात होते आणि एवढेच या शेतात होते. मी घरातून काढून टाकले ते शेतकऱ्याचे घड्याळ होते.

"तिने मला विचारले होते," मी म्हणालो. "त्या शेवटच्या दिवशी."

वहिनींनी कंदील खाली ठेवला. "अन् तुमी काय म्हटलं?"

"आपल्या घरी तिफण नाही, असे म्हणालो."

"अयाई!" त्या म्हणाल्या. "हो म्हनाचं होतं, भाऊजी. नुसतं हो म्हनाचं होतं. तिनं निरोप आला का म्हनून इचारलं, अन् तुमी घरातली लाकडं मोजली."

"वच्छला, चूप राय," शामराव म्हणाला.

"काहून चूप राहू? तुमी तरी कोठं निरोप धाडला? म्हने, मास्तरनीबाई झाली, आता कायले बलावाचं!"

शामरावाने मान खाली घातली. कुणी कुणाचे सांत्वन केले नाही. मग तो म्हणाला, "दर साली वाटे, धाडावं. तुमचं पत्र आठोये अन् राहून जाये."

ती तापाच्या भरात बोलत नव्हती, हे ठरले. ज्यासाठी आलो होतो ते मिळाले आणि बसवेना म्हणून मी पुन्हा बांधावर फेऱ्या घालू लागलो. या वेळी वर पाहत होतो. तिफण माथ्यावरून पश्चिमेकडे कलली, सरतेवाली तिच्या मागे गेली. ईशान्येला सप्तर्षी वर आले. वहिनी त्याला खाट म्हणतात, म्हातारीची खाट, आणि शेपटाचे तीन तारे म्हणजे ती पळवायला आलेले तीन चोर. या खेपेस मी दुरुस्ती केली नाही. वहीत दोन्ही नावे लिहिली.

आणखी दोन रात्री राहिलो. जग बुडाले नाही. निघताना वहिनींनी सोल्यांची पुरचुंडी दिली आणि म्हणाल्या, "यंदा सरता धराले कोनी नाही. माह्ये गुडघे गेले."

मी पुरचुंडी पिशवीत घातली. घाटंजीपर्यंत बंडी मिळाली.

यवतमाळला परतल्यावर रोज दिवेलागणीला गच्चीवर जाऊ लागलो. नकाशा खालीच ठेवी. माघ, फाल्गुन, चैत्र. तिफण रोज थोडी पश्चिमेला. वर्गात मृग शिकवला तेव्हा हरणाशेजारी तिफण काढली आणि व्याधाखाली कंसात सरतेवाली असे लिहिले. मागच्या बाकावरून आवाज आला, "हे तं आमाले मालूम हाय, मास्तर." अठरा वर्षांत मी विचारले नव्हते, आणि मुलांनी सांगितले नव्हते.

वैशाख सरत आला. तीन फण शेवटी एका कडुनिंबाच्या शेंड्याशी तिरके टेकलेले दिसले. दुसऱ्या दिवशी धुरळा होता. तिसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होते. सूर्य मावळल्यापासून पूर्ण अंधार होईपर्यंत पश्चिमेकडे पाहत उभा राहिलो. सरतेवाली दिसत होती, एकटी, क्षितिजापासून हातभर वर. तिच्या पुढे काही नव्हते.

"हो, सुभद्रा," मी म्हणालो. "उतरली."

आवाज मोठा निघाला असावा. अंगणातून घरमालकांनी विचारले, "कोन उतरलं हो मास्तर?"

त्या प्रवासातून काय उरले, असे कुणी विचारले तर सांगण्याजोगे थोडेच आहे. सोळा नक्षत्रे ओळखता येतात, त्यांपैकी पाचांची दोन-दोन नावे येतात. एका प्रश्नाचे उत्तर एक वर्ष उशिरा दिले. निरोप मात्र अजून वेळेवर आहे. शामरावाला कार्ड लिहिले की मृगाच्या आधी येतो, सरता धरण्यास शिकवावे. बाईचे काम आहे हे मला ठाऊक आहे. शाळेला सुट्टी आहे. पिशवीत दोन धोतरे घातली.

गच्चीचे दार लावले, कुलूप ओढून पाहिले. जिन्याचे दारही बंद केले, आणि दोन्ही किल्ल्या घरमालकांना परत दिल्या.